पॅनल कुठलं घ्यायचं, या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

मागच्या आठवड्यात एका नवीन सरांचा फोन आला. शेजारच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागून त्यांना दोन वर्षं झालीत, यात्रेच्या मीटिंगमध्ये गावाने शाळेसाठी लोकवर्गणी काढायचं ठरवलंय, दोन लाखाच्या आसपास जमतील म्हणाले, आणि विचारायचं एवढंच होतं की मॅडम पॅनल, म्हणजे वर्गात भिंतीवर लावायचा तो मोठा टचस्क्रीन, कुठल्या कंपनीचं घ्यावं आणि पासष्ट इंची घ्यावं की पंचाहत्तर. मी म्हटलं सर, दोन दिवस द्या, सांगते. दोन दिवसांचे आठ झाले. फोनवर सांगायला गेले असते तर मलाच नीट जमलं नसतं, म्हणून इथं लिहितेय, इतरांनाही उपयोगी पडलं तर बरंच.

मी सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात शिकवते. शाळा पहिली ते सातवी, पट ७४, शिक्षक चार. पाचवी ते सातवीचं गणित, विज्ञान आणि भूगोल माझ्याकडे, आणि बऱ्याचदा दोन वर्ग एकाच खोलीत बसलेले असतात.

आमच्याकडे प्रोजेक्टर आला २०१६ ला. तो काळ आठवतोय ना? २२ जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाचा जीआर निघाला होता, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेचं नाव सगळीकडे झालं होतं, लांबलांबचे शिक्षक ती बघायला जायचे, आणि गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर यायला लागले होते. आमच्या गावाने नव्वद हजार जमवले. ऊन लागू नये म्हणून खिडक्यांना काळे पडदे शिवले, गावातल्याच एका टेलरने फुकट शिवून दिले. ते पैसे कसे जमलेत हे मला माहीत होतं, कुणी शंभर दिलेत कुणी पाचशे, त्यामुळे प्रोजेक्टर बंद ठेवणं म्हणजे गावाशी बेइमानी असं वाटायचं आणि मी रोज काहीतरी दाखवायचेच. पोरं खूश, पालक खूश, केंद्रप्रमुख आले की त्यांनाही वर्ग एकदम शांत बसलेला दिसायचा.

त्याच वर्षी मी बी कसं रुजतं त्याचा व्हिडिओ दाखवला. फार सुंदर व्हिडिओ होता, दहा दिवसांचं रुजणं दीड मिनिटात. चाचणीत चित्र काढायला सांगितलं तर सगळ्यांनी व्हिडिओतली काचेची बरणी आणि त्यातला पांढरा वाल काढला, अगदी हुबेहूब. मी सहज विचारलं, मटकीला मोड येतात ते काय असतं? कुणाला सांगता येईना. आमच्या भागात मटकीची उसळ होत नाही असं एक घर नसेल. रात्री भिजवायची, सकाळी फडक्यात बांधायची, हे त्या पोरी स्वतःच्या हाताने करतात. पण तो मोड म्हणजेच बीचं पहिलं मूळ, आधी मूळ खाली जातं आणि मग कोंब वर येतो, हे व्हिडिओत बघून पाठ झालेलं आणि घरच्या फडक्यातलं, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. त्यात पोरांचा दोष नव्हता, मीच त्यांना रुजणं हे पडद्यावर होणारी गोष्ट म्हणून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन मुठी मटकी आणली. पोरांनी ती ओल्या फडक्यात, कोरड्या फडक्यात, पाण्यात पूर्ण बुडवून आणि आमच्या पोषण आहाराच्या ताईंच्या फ्रिजमध्ये अशी चार जागी ठेवली. बुडवलेली मटकी फुगली पण बहुतेक सगळी कुजली, वास सुटला, आणि मग हवा लागते म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही.

त्या दिवशी कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला, तो अजून आहे. जे दाराबाहेर आहे ते पडद्यावर दाखवायचं नाही. तंत्रज्ञानाबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते एवढ्यात संपतं. पिंपळाच्या पानाचं शिराजाल पडद्यावर नाही, कारण पिंपळ गेटपाशी उभा आहे. पवनचक्की पडद्यावर नाही. बाजारातली वजनमापं पडद्यावर नाहीत, आठवडी बाजार आहे की. पडदा उघडायचा तो जे दाराबाहेर नाही, किंवा आहे पण डोळ्याला दिसत नाही, त्याच्यासाठी.

आता "दिसत नाही" याच्यात खूप काही येतं बरं का. आमचं गाव दुष्काळी, टँकरवर वाढलेली पिढी आम्ही. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवत आणायची योजना झाली आणि ते पाणी आमच्या शिवारात आलं. आजच्या सहावीतल्या पोराला कॅनॉल म्हणजे कायमची गोष्ट वाटते, तो नव्हता तेव्हाचं गाव त्याला कुठून दिसणार? गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं बघता येतात. मी आमच्या शिवाराचं जुनं चित्र लावलं, सगळं तपकिरी, मग एकेक वर्ष पुढं सरकवत गेले. कॅनॉलची रेघ उमटली, मग तिच्या बाजूने हिरवे चौकोन यायला लागले, शेततळी चमकायला लागली, डाळिंबाच्या ओळी दिसायला लागल्या. पोरं आपापलं रान शोधत होती. घरी जाऊन आजोबांना विचारा, हे कोरडं होतं तेव्हा तुम्ही काय पेरत होता, असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी वहीभर उत्तरं आली, बाजरी, हुलगा, मटकी, जनावरं छावणीला नेली त्या वर्षाच्या गोष्टी. असं घराघरातलं बोलणं सुरू करून देणारा अर्धा तास पडद्यावर घालवायला माझी कधीच हरकत नाही.

पण सगळ्यात जास्त मला आवडतो तो गलाईवाल्यांचा तास, त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

आमच्या आटपाडी-खानापूर भागातली माणसं पिढ्यानपिढ्या गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं. केरळ, तमिळनाडू, बंगाल, पंजाब, जिथं सराफ बाजार तिथं आपला माणूस. त्यामुळे माझ्या वर्गात अशी पोरं असतातच ज्यांचे वडील दिवाळीला आणि यात्रेला येतात, एरवी फोनवर. मला बरीच वर्षं हे शाळेच्या दृष्टीने संकट वाटायचं, वडील जवळ नाहीत, लक्ष द्यायला कुणी नाही. मग एकदा सहावीला अक्षवृत्तं रेखावृत्तं शिकवत होते, पोरं नुसती बघत होती, कारण काल्पनिक रेषा म्हणजे खरंच काल्पनिकच राहतात, आणि माझ्या डोक्यात आलं की अरे आपली निम्मी माणसं या रेषांवर पसरलेली आहेत.

डिसेंबरचा महिना होता. शाळा सुटायच्या आधी, पाचला पाच कमी असताना, कोलकात्याला असलेल्या एका पोराच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. आदल्या दिवशीच त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी दुकानाबाहेर येऊन फोन आकाशाकडे धरला. सूर्य गेलेला. रस्त्यावरचे दिवे लागलेले. आणि आमच्याकडे ऊन अजून व्हरांड्यात, सूर्य कडुनिंबाच्या शेंड्याच्याही वर. पोरं आधी फोनकडे बघायची, मग पळत बाहेर जाऊन सूर्याकडे, परत आत. "पप्पा, रात्र झाली का तिकडं?" असं ते पोरगं ओरडून विचारत होतं, आणि वडील म्हणत होते आत्ताच बुडाला बाळा. आमच्याकडे सूर्य सहाला मावळला, मी दोघांना घड्याळ घेऊन मैदानात थांबवलं होतं. म्हणजे तासाभराचा फरक. नकाशावर बघितलं, आटपाडी पंचाहत्तर अंशाच्या जवळ, कोलकाता अठ्ठ्याऐंशीच्या थोडं पुढं, एका अंशाला चार मिनिटं, गुणाकार केला तर चोपन्न मिनिटं येतात. उरलेली सहा मिनिटं कुठं गेली, असं एका पोरीने विचारलं. मी म्हटलं लिहून ठेव.

दुसऱ्या दिवशी अमृतसर. तिथं आमच्या गावचे दोघंजण आहेत. नकाशात अमृतसर बघितलं तर जवळजवळ आमच्याच रेखावृत्तावर, सरळ वर. त्यामुळे पोरांनी फळ्यावर अंदाज लिहिला, सहा वाजता. आणि साडेपाचला तिकडून मेसेज आला की सूर्य मावळला, थंडी म्हणू नका, शेकोटी केलीय. वर्गात नुसता गोंधळ. बाई, अमृतसर तर आपल्या डोक्यावर आहे, मग तिथं आधी कसा मावळला?

इथं मी फोन ठेवून दिला आणि बॅटरी आणि चेंडू काढला. चेंडूवर खडूने दोन ठिपके, एक आटपाडी, एक अमृतसर, आणि चेंडू थोडा कलता धरून अंधाऱ्या खोलीत फिरवायचा. दोन दिवस गेले त्याच्यात. डिसेंबरात उत्तरेकडचा ठिपका उजेडात कमी वेळ राहतो हे त्यांनी स्वतः फिरवून बघितलं, आणि मग त्या सहा मिनिटांचाही पत्ता लागला, कारण कोलकाताही आपल्यापेक्षा उत्तरेला आहेच. त्या पोरीने वहीतलं पान काढून आणून दाखवलं. शाळा परत जूनमध्ये भरली तेव्हा मी विसरले होते, पोरं विसरली नव्हती, आता उलटं व्हायला पाहिजे म्हणाली. संध्याकाळी घरून सगळ्यांनी ग्रुपवर वेळा टाकल्या. आमच्याकडे सातच्या जरा पुढं, अमृतसरला साडेसात उलटून गेल्यावर. स्थानिक वेळ वगैरे धडा आठवीला आहे. माझ्याकडून गेलेल्या पोरांना तो तिथं जड गेला नाही असं हायस्कूलच्या सरांनी सांगितलं, मला बरं वाटलं.

या तासाला लागला काय तर एक फोन, एक चेंडू, एक बॅटरी आणि परगावी असलेली आपली माणसं.

गणिताचं थोडक्यात सांगते. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० हे जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर फार छान दिसतं, टोक धरून कसंही ओढा, बेरीज हलत नाही. पण मी ते आधी दाखवत नाही. आधी प्रत्येकाने कागदाचा त्रिकोण कापायचा, तीन कोपरे फाडायचे आणि एकमेकांना चिकटवून ठेवायचे, सरळ रेघ होते. मग कोनमापकाने मोजायचं. कुणाचे १७८ येतात कुणाचे १८३, त्याच्यावर भांडायचं. असं झालं की मग स्क्रीन, कारण हाताने पोरगं दहा त्रिकोण करेल, स्क्रीनवर त्याला हवे तेवढे मिळतात आणि तेव्हा त्याला खात्री पटते. उलट क्रमाने एका वर्षी करून बघितलंय, आधी स्क्रीन मग कागद, तर कागद फाडताना कुणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. उत्तर आधीच कळलेलं.

आणि तंत्रज्ञान म्हणजे स्क्रीनच असं का धरून बसलोय आपण? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनु प्रकाश यांच्या टीमने केलेला फोल्डस्कोप नावाचा कागदी मायक्रोस्कोप आहे, घडी घालून तयार करायचा, १४० पट मोठं दिसतं. आमच्याकडे दोन आहेत. विहिरीच्या पाण्याच्या थेंबात पळणारे जीव बघून आमच्या एका पोराने आठवडाभर घरच्यांना पाणी उकळायला लावलं. पोस्टरवर "पाणी उकळून प्या" वर्षानुवर्षं लिहिलेलं होतंच की.

लॉकडाऊनमध्ये मला एक गोष्ट कळली. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या, शाळा बंद पण शिक्षण सुरू असं चाललेलं, रोज पीडीएफ आणि लिंका यायच्या, त्या मी पुढं पाठवायचे. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा तो बऱ्याच घरात बघितला जायचा, टीव्हीचा तो उपयोग झाला. पण लिंक उघडणार कोण? घरात फोन एक, तो बापाबरोबर रानात, पोरं तीन, आणि रेंज टेकडीवर. मग मी साधे फोन लावायला सुरुवात केली. कॉन्फरन्स कॉलवर चार-पाच पोरं घ्यायची, बटणाच्या फोनवरही चालतं, आणि प्रत्येकाने पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. रोज संध्याकाळी सात ते नऊ. वर्गात माझ्यासमोर मान खाली घालून पुटपुटणारी एक मुलगी फोनवर खणखणीत वाचायची. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणून असेल. शाळा उघडल्यावर मी वर्गातही फोनचा रेकॉर्डर वापरायला लागले, पोराने एकट्याने व्हरांड्यात जाऊन वाचायचं, स्वतःचं ऐकायचं, चुकलं वाटलं तर पुसून परत. मी ऐकायच्या आधी तेच चार-चार वेळा सुधारून आणतात. वाचन सुधारायला मी आजवर जे जे केलं त्यात हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पडलेलं.

त्याच रेकॉर्डरवर मग आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हेमा राईरकर आणि गी पोएतवां यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखभर ओव्या जमवल्यात, त्यातल्या काही पोरांना ऐकवल्या आणि म्हटलं आता तुमच्या घरातल्या आणा. एकवीस आल्या. त्यातल्या तीन जणींना एकच ओवी वेगवेगळी येत होती, त्यावर मराठीच्या सरांनी दोन तास घेतले.

टॅब आहेत आमच्याकडे सहा, जुने. ते मी दोन वर्ग एकत्र असताना वापरते. पाचवीला नवीन काही शिकवत असले की सहावीचे गट टॅबवर अपूर्णांकांचा सराव करतात, दोघात एक टॅब, कारण दोघं असली की बोलतात, भांडतात, समजावतात. एकेकाला एक दिला की खोली गप्प होते. ती शांतता मला २०१६ पासून ओळखीची आहे आणि ती मला नको वाटते.

आता दोन गोष्टी ज्या मनाला लागतात त्या. एक म्हणजे फोटो. उपक्रम घेतला की फोटो, वृक्षारोपण केलं की फोटो, लिंक भरायची, आज दुपारी बारापर्यंत, आणि अर्ध्या तासात आठवण. पोरं इतकी सरावलीत की मी फोन उचलला की हातातलं काम सोडून कॅमेऱ्याकडे बघतात. पोरगं मटकीकडे बघत होतं ते कॅमेऱ्याकडे बघायला लागलं की तो क्षण गेला, परत येत नाही. म्हणून मी आता तास चालू असताना फोटो काढत नाही, मधल्या सुट्टीत वहीचे काढते आणि तेच पाठवते. त्यासाठी दोनदा बोलणी खाल्लीत. माहिती भरायची कामं आपण सगळेच करतो, करावी लागतात, पण शाळेत आलेल्या तंत्रज्ञानाचा मोठा हिस्सा शिकवलं हे दाखवण्यात जातो आणि शिकवायला उरतो तो थोडका, हे मला सहन होत नाही.

दुसरी म्हणजे एआय. मागच्या वर्षी "माझी आई" निबंधात एका पोराने लिहिलं, माझी आई सकाळी ऑफिसला जाते. त्याची आई डाळिंबाच्या बागेत छाटणीला जाते, तिच्या हाताला काट्याचे ओरखडे असतात, मी तिला ओळखते. फोनला बोलून विचारलं, आलं तसं उतरवलं. मी रागावले नाही, पूर्वी गाईडातून असंच यायचं. त्याला म्हटलं आज घरी जाऊन आईचे हात बघ आणि पाच ओळी लिही, जास्त नको. पाच ओळी आल्या, मी त्या वर्गात वाचल्या नाहीत, त्याच्या आईला वाचून दाखवल्या.

पण एआय मी वर्गातून हाकलून लावलेलं नाही. आम्ही त्याला आमच्या गावाबद्दल विचारलं, यात्रा कधी असते, ग्रामदैवत कुठलं, ओढा कुठून येतो. ऐटीत उत्तर आलं, निम्मं चुकीचं. त्याचं प्रिंट काढून पोरांना लाल पेन दिलं. मशीनचं चुकू शकतं आणि ते चुकताना जराही अडखळत नाही, हे सहावीतच कळलेलं बरं. फोन वापरायला शिकवायची गरज नाहीच, असर या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं आलंय, आणि अशा मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. फोन येतो सगळ्यांना. फोनने सांगितलेलं खरं का खोटं हे बघायची सवय कुठं लागणार, तर शाळेतच.

आणि पॅनलची कंपनी कुठली ते सोडा, फोनने स्कॅन केले की धड्याचं साहित्य उघडणारे क्यूआर कोड आता बालभारतीच्या पुस्तकातच छापलेले असतात. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला त्यात या क्यूआर कोडच्या कामाचीही दखल होती, आणि त्यांनी बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटली. पुस्तकाच्या पानावर छापलेला एक छोटा चौकोन. त्याला भिंत लागत नाही आणि काळे पडदेही लागत नाहीत.

तर सर, तुमच्या दोन लाखांचं. आधी वायरिंग बघून घ्या आणि चांगला इन्व्हर्टर बसवा, लाईट गेली की सगळंच बंद. वीजबिलाला वर्षाचे पैसे बाजूला काढून ठेवा, माझ्या ओळखीच्या एका शाळेत बिल थकून मीटर गेला आणि पॅनल वर्षभर कापडाखाली राहिलं. एक साधा प्रोजेक्टर घ्या, भिंतीला चुना मारला की तोच पडदा. वापरलेले पण बॅटरी चांगली असलेले सहा-आठ टॅब, एक बरा स्पीकर. दोन डझन भिंगं, चार फोल्डस्कोप, दोन पृथ्वीगोल, मोजपट्टी टेप, स्प्रिंगचा काटा. उरलेल्याची गोष्टीची पुस्तकं, आणि ती कपाटात न ठेवता पोरांच्या हाताला येतील अशी दोरीवर लावा. यातलं काय घ्यायचं आणि काय नाही ते तुमचा गाव आणि तुमची पोरं बघून ठरवा, पण पॅनलचं कोटेशन मागवायच्या आधी एकदा शाळेच्या दारात उभं राहून अर्धा तास बाहेर बघा आणि काय काय दिसतं त्याची यादी करा. मला पाठवा ती यादी, मग आपण फोनवर बोलू. संध्याकाळी सातनंतर लावा, तोपर्यंत मी रिकामी झालेली असते.